दहा मशीनं, नऊ फायली

मे महिना लागला की महाडात दुपारी बारानंतर कुणी कुणाशी धड बोलत नाही. चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये खोलगटात हे गाव. त्यामुळे वारा वरच्या वर निघून जातो आणि उकाडा मात्र मुक्कामाला राहतो. सावित्रीचं पाणी खडकांमागे दडून बसतं. हायवेवर मुंबईहून आलेल्या गाड्यांची रांग, पोलादपूरच्या स्टँडवर पळसाच्या द्रोणातली करवंदं, रोज कुणाच्या ना कुणाच्या लग्नाचं जेवण. लोकांना हे दिवस आंब्यांमुळे आठवतात. मला परीक्षेमुळे आठवतात, आणि तीही मी दिलेली नव्हे, घेतलेली.

परवा क्लासमध्ये मी एका मुलीवर उगाच खेकसले. ती एका मशीनवरची फाईल माउसने ओढून दुसऱ्या मशीनच्या फोल्डरमध्ये टाकत होती. पडद्यावर प्रश्न आला, की या नावाची फाईल इथे आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवायची का? तिने वाचलंच नाही. शेजारणीशी बोलता बोलता 'होय'वर टिचकी मारली. काय विचारलंय ते वाचलंस का, असं मी एवढ्या जोरात म्हणाले की सगळ्या खोलीतली बोटं थांबली. बिचारीचं तोंड एवढंसं झालं. सरावाची फाईल होती, गेली तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. संध्याकाळी मी तिला तिखट-मीठ लावलेली कैरी दिली आणि विषय मिटवला. मॅडमना ऊन बाधलंय, असं तिला वाटलं असणार.

बाधलंच होतं, पण ते बारा वर्षांपूर्वीचं. तेव्हा आमचा क्लास कोर्टामागच्या आळीत, एका चपलांच्या दुकानाच्या वर होता. क्लास करीमचाचांचा. चाचा म्हणजे माझ्या अब्बांचे दोस्त. मस्कतला एका कंपनीच्या कचेरीत अकरा वर्षं काढून परत आले, ते इतरांसारखे कंबल आणि अत्तराच्या बाटल्या घेऊन नव्हे, तर लुंग्यांमध्ये गुंडाळलेली नेटवर्कची कार्डं घेऊन. काळी गोल केबल भिंतीच्या कडेने एका मशीनकडून दुसऱ्याकडे जायची. मध्ये कुठे एक जोड सैल झाला की अख्खी रांग मुकी. दहा मशीनं होती आणि चाचांनी त्यांना आखाती शहरांची नावं दिली होती. मस्कत, सलाला, दोहा, दुबई, कुवैत आणि अशीच आणखी पाच. ज्या अकराव्या मशीनवर मी बसायचे आणि जिथे सगळ्यांच्या फायली गोळा व्हायच्या, त्याचं नाव महाड. माल कुठूनही निघो, शेवटी महाडला उतरतो, असं म्हणून चाचा स्वतःच हसायचे.

मी बावीस वर्षांची, नुकतीच बी.कॉम. झालेली आणि नाकावर माशी बसू न देणारी. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी आडवी रेघ, आणि आपण फक्त हुकूम टाइप करायचा. आधी 'कॉपी', मग कुठून, मग कुठे. एंटर दाबला की सलालाची फाईल महाडात. जागेवरून उठायला नको, फ्लॉपी घेऊन फिरायला नको. आणि गंमत म्हणजे फाईल इकडे येते तरी तिकडचीही जागेवरच राहते. चाचांनी मला हे शिकवलं आणि आठवड्याभरात मी त्यांच्यापेक्षा जलद झाले. त्याचा मला माज होता, खोटं कशाला सांगू.

त्या वर्षी कचेऱ्यांमधून फर्मान निघालं होतं, की टायपिस्टला आता कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र पाहिजे. त्यामुळे आमच्याकडे अचानक पोक्त माणसं यायला लागली. त्यांतल्याच एक सुलोचनाबाई सकपाळ. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला त्यांची वाडी. वय पंचेचाळीसच्या पुढे. पोलादपूरच्या एका कचेरीत त्या सोळा वर्षं हंगामी टायपिस्ट होत्या. कायम करायच्या माणसांची यादी निघाली होती आणि तिच्यात त्यांचं नाव होतं, पण पावसाळा सुरू व्हायच्या आत प्रमाणपत्र दाखवलं तरच. नाहीतर नाव कमी, आणि पुढची यादी निघेपर्यंत त्यांचं वय उलटून गेलेलं असणार. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच दिवशी, फॉर्म भरताना, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

सोबत त्यांचा दीर सुरेश. सख्खा नव्हे, भावकीतला. वहिनीला संध्याकाळच्या एसटीला सोबत हवी म्हणून घरच्यांनी त्यालाही अडकवलं होतं. तो दोन बोटांनी टाइप करायचा आणि प्रत्येक ओळीनंतर खिडकीबाहेर बघायचा. त्याचं मन आधीच मुंबईला जाऊन बसलं होतं.

सुलोचनाबाई मात्र बघण्यासारख्या होत्या. आयुष्यभर टाइपरायटरवर काम केलेलं, त्यामुळे बटणं अशी हाणायच्या की कीबोर्ड टेबलावरून पुढे सरकत जायचा. मी त्याखाली गोणपाटाची घडी ठेवून दिली. ओळ संपली की त्यांचा डावा हात आपोआप वर जायचा, टाइपरायटरचा दांडा ढकलायला, आणि हवेत फिरून खाली यायचा. पोरं तोंड दाबून हसायची. मीही हसायचे. पण त्यांच्या पानात चूक सापडायची नाही. टाइपरायटरवर एक अक्षर चुकलं की अख्खा कागद परत काढायचा, अशा शिस्तीत तयार झालेला हात होता तो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांची रंगीत तालीम घेतली. फळ्यावर लिहिलं, की फाईलला आपलं नाव द्या आणि दर दहा मिनिटांनी फाईल साठवा. गावातल्या मुलामुलींनी आपापली पहिली नावं दिली. सुलोचनाबाईंनी सुरेशला बजावलं की सरकारी कागदावर आडनाव आधी. त्याप्रमाणे दोघांनीही इंग्रजीत आधी सकपाळ आणि मग आपलं नाव टाइप केलं. त्या काळच्या मशीनला नावाची फक्त पहिली आठ अक्षरं समजायची, पुढची ते न बोलता गिळून टाकायचं. सकपाळची सहा आणि पुढे सुलोचनाची दोन. सकपाळची सहा आणि सुरेशचीही तीच दोन. बाई सलालावर होत्या आणि सुरेश दोहावर, त्यामुळे तिथे त्यांची गाठ पडली नाही. गाठ पडली ती महाडात, माझ्या मशीनवर, एकाच फोल्डरमध्ये. पण तालमीच्या फायली कोण मोजतो?

दुसऱ्या दिवशी सकाळची तुकडी आटोपली. दहा जण होते. पत्र आणि एक तक्ता, दीड तास. मी सगळ्यांच्या मागून फिरत होते. सुलोचनाबाईंच्या मागे उभं राहून मी त्यांचं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत वाचलं. एकही चूक नव्हती. तक्ता तर छापल्यासारखा होता. सुरेशच्या मागे मी फार थांबले नाही, कारण मला हसू आवरलं नसतं. त्याचा तक्ता अर्ध्यावरच थांबला होता.

मंडळी बाहेर पडली आणि मी महाडवर बसून एकेका मशीनची फाईल ओढायला लागले. कालच्या तालमीच्या फायली त्याच फोल्डरमध्ये पडून होत्या, म्हणून मशीन दर वेळी विचारायचं, की या नावाची फाईल आहे, तिच्यावर ही ठेवू का? मी होय म्हणायचे. दहा वेळा विचारलं, दहा वेळा होय म्हटलं. त्यांतले नऊ प्रश्न कालच्या फायलींबद्दल होते आणि एक आत्ताच ओढलेल्या फाईलबद्दल. मला ते कळायला हवं होतं. पण माझं बोट प्रश्न यायच्या आधीच बटणावर टेकलेलं असायचं. मग मी तिथूनच दहाही मशीनं पुसून घेतली, कारण दुपारची तुकडी जिन्यात येऊन उभी होती आणि आधीच्यांचे पेपर त्यांना दिसायला नको होते.

दारात सुलोचनाबाई थांबल्या होत्या. पेपर जमा झाला का, असं त्यांनी विचारलं. झाला म्हटल्यावर म्हणाल्या की मग पोच द्या. कचेरीत कागद दिला आणि पोच घेतली नाही तर कागद दिलाच नाही असं धरतात, हे त्यांना सोळा वर्षांत पक्कं कळलेलं होतं. मी हसले. कॉम्प्युटरला पोच लागत नाही, बाई, एकदा आत गेलं की गेलं, असं काहीतरी शहाणपण मी त्यांना शिकवलं. त्या मान हलवून जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसल्या. साडेतीनच्या पोलादपूर गाडीला अवकाश होता.

दुपारची तुकडी बसली. परीक्षक बाहेरगावचे, पांढरा बुशशर्ट घातलेले एक अबोल गृहस्थ. ते चाचांच्या केबिनमध्ये कोकम सरबत घेत होते. त्यांना द्यायची फ्लॉपी भरायला मी हुकूम दिला. फ्लॉपी कुरकुरली, थांबली आणि पडद्यावर ओळ आली, की नऊ फायली कॉपी झाल्या.

ती ओळ मी अजून विसरलेले नाही. आधी वाटलं, एखादी मागे राहिली असेल. मी यादी काढली, बोट ठेवून मोजली. नऊ. सकपाळ एकच. उघडून बघितली तर अर्धवट तक्ता. म्हणजे सुरेशची फाईल सुलोचनाबाईंच्या फाईलवर बसली होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण तीच मला जास्त छळते. पुसलेली फाईल लगेच नाहीशी होत नाही. मशीन तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडतं आणि ती जागा मोकळी आहे असं मनाशी धरतं. त्याच मशीनवर बसून फाईल परत मागितली, तर ते विचारतं की पहिलं अक्षर काय होतं? सांगितलं की फाईल परत. पण त्या जागेवर दुसरं काही साठवलं गेलं, तर संपलं. सलालावर आता दुसरी एक परीक्षार्थी बसली होती. दहा मिनिटांनी साठवा, असं फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात तीन मिनिटं झाली होती.

म्हणजे करायचं एवढंच होतं. परीक्षकांपाशी जायचं, माझी चूक झाली म्हणायचं, सलालावरच्या मुलीला पाच मिनिटं उठवायचं आणि एक अक्षर टाइप करायचं. तेही जमलं नसतं, तर बाई खाली पायरीवर बसलेल्याच होत्या, त्यांना पुन्हा बसवता आलं असतं.

मी केबिनच्या दाराशी जाऊन चाचांना खुणेने बाहेर बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चाचा वाईट माणूस नव्हते. अकरा वर्षं वाळवंटात काढून त्यांनी ही खोली उभी केली होती, आणि परीक्षा केंद्राची मान्यता त्याच वर्षी मिळाली होती. परीक्षकांनी अहवालात एक ओळ लिहिली असती तरी ती गेली असती. त्यांच्या कपाळावर घाम आला. रुमाल काढला, पण तो हातातच राहिला.

"शाहीन, हे बघ," ते हळू म्हणाले. "दोघं एका वाडीतले, एका आडनावाचे. लेटर पन सेम हाय. एकाची दोन कर, नाव नि नंबर बदल. कॉपीच तर मारायची हाय ना गो?"

मी घड्याळाकडे बघितलं. पाच मिनिटं झाली होती. मी जाऊन परीक्षकांसमोर उभी राहू शकले असते. पायात जोर होता, तोंडात शब्दही होते. मी घाबरले, दुसरं काही नाही. मी महाडवर येऊन बसले आणि कॉपीचा हुकूम टाइप केला. सुरेशच्या फाईलची दुसरी फाईल झाली. त्यात मी नाव बदललं, नंबर बदलला. मग चुका सुधारायला घेतल्या. मला सगळं पत्र स्वच्छ करायचं होतं, अगदी त्यांनी केलं होतं तसं. तक्ता पुरा करायचा होता. पाच-सहा चुका निघाल्या असतील, तोच केबिनची खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि परीक्षक फ्लॉपी मागायला दारात आले. मी घाईत होते. सुधारता सुधारता मीच काही नवी अक्षरं चुकवली होती. ती मला दिसली. राहू देत, म्हणजे दोन पेपर अगदी सारखे वाटणार नाहीत, असं मी त्या क्षणी मनात म्हटलं. एवढी अक्कल मात्र शाबूत होती. फाईल साठवली, फ्लॉपी दिली. त्यांनी ती खिशात ठेवली आणि म्हणाले की फार उकडतं बुवा तुमच्याकडे.

दुपारची तुकडी गेल्यावर मी सलालावर बसून ती फाईल परत मागून बघितली. परत आणता येत नाही, असं मशीनने सांगितलं. खिडकीतून खाली पाहिलं तर जिन्याची पायरी रिकामी होती. साडेतीनची गाडी गेली होती.

निकाल जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. दोघेही पास. सुरेश काठावर, सुलोचनाबाई त्याच्याहून चार गुणांनी वर. प्रमाणपत्र वेळेत पोचलं, यादीतलं नाव राहिलं, त्या कायम झाल्या. चाचा मला म्हणाले की बघ, कुणाचं काय बिघडलं? मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं आणि काही दिवस वाटलंही. मग बाई गुणपत्रिका घेऊन आल्या. तिच्यात टंकलेखनाच्या चुकांचा एक रकाना होता आणि तिथे एकोणीस लिहिलं होतं. त्यांनी त्या आकड्याखाली नख ठेवलं. मी तीनदा वाचला होता कागद, एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, पडद्यावर चूक पटकन दिसत नाही, कागदावर दिसते तशी. होतं असं. त्यांनी गुणपत्रिकेची घडी घातली. मी शिकवणारी होते, त्यामुळे मी सांगितलं ते त्यांना खरं वाटलं.

पुढे काही कामानिमित्त मी दोनदा त्यांच्या कचेरीत गेले. आता त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर होता. कीबोर्ड जागेवरून हलत नव्हता. त्या एकेक बटण दाबून पडद्याकडे बघायच्या, पुन्हा दाबायच्या. छापलेल्या कागदावर लाकडी फूटपट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचायच्या, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. शेजारचा कारकून मला कौतुकाने म्हणाला की बाईंचा कागद उशिरा येतो, पण त्यात चूक सापडणार नाही. मी तिथला चहा अर्धा टाकून निघाले.

चाचा आता नाहीत. काळी केबलही गेली आणि मशीनांना आता कुणी नावं देत नाही. मी मात्र अजून फायली काळ्या पडद्यावरूनच हलवते, आणि हलवल्यावर मोजते, आणि मोजल्यावर पुन्हा मोजते. पोरांना ती माझी लहर वाटते. मशीन काही विचारतं तेव्हा मी हात मांडीवर ठेवून प्रश्न वाचते. दर वर्षी या दिवसांत ठरवते की यंदा पोलादपूरला जायचं आणि बाईंना सांगून टाकायचं. दर वर्षी पाऊस येतो आणि मी गेलेली नसते.

गेल्या आठवड्यात त्याच आल्या. एप्रिलअखेर निवृत्त झाल्या होत्या. केस सगळे पांढरे, हातात करवंदांचा द्रोण. पंख्याखाली बसल्या, पाणी प्यायल्या, सुरेशची पोरं मुंबईत इंग्रजी शाळेत जातात ते सांगितलं. मग म्हणाल्या की निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात माझं नाव घेतलं, बारा वर्षांत एक कागद परत आला नाय म्हणाले, तवा मला तुमची आठवण झाली. तुमच्या परीक्षेने मला माझी जागा दाखवली, नायतर मी त्याच तोऱ्यात राहिले असते. वरच्या जागेच्या परीक्षेचा फॉर्म दोनदा आला होता, पण त्यांनी तो भरला नव्हता. एकोणीस चुका करणारीने वरच्या खुर्चीत बसून दुसऱ्याच्या चुका काय काढायच्या, असं त्या हसत म्हणाल्या. हे सांगायला आणि आभार मानायला त्या उन्हातून एसटीने आल्या होत्या.

मी करवंदांचा द्रोण बाजूला ठेवला. क्लासमध्ये दोन मुलं होती, त्यांना बाहेर जायला सांगितलं.

"बाई, तुमच्या पेपरात एकही चूक नव्हती," मी म्हणाले. "तो पेपर माझ्या हातून पुसला गेला. जो तपासला, तो तुमचा नव्हता."

मग सगळं सांगितलं, सलाला आणि दोहा, ती दहा मिनिटं, चाचा, फ्लॉपी. कुठेही स्वतःला वाचवलं नाही. त्या ऐकत होत्या. त्यांचा डावा हात टेबलाच्या कडेवर होता, तो तिथेच राहिला.

"एकपण नाय?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही. मी मागे उभी राहून वाचलं होतं."

 मग माझ्याकडे बघून, आवाज न चढवता, म्हणाल्या, "मग बारा वर्सं मी कुणाच्या चुका शोधत व्हते?"

"थोड्या सुरेशच्या," मी म्हणाले. "बाकीच्या माझ्या."